दिवेवाल्याचं लायसन

"तुम्हाला तुमच्या नवऱ्याची कधी भीती वाटली आहे का?" नायरीबाईंनी इंग्रजीत विचारलं आणि मी फसकन हसले.

हसायची ती वेळ नव्हती. बाई पोलिसांकडून आल्या होत्या. साठीच्या, पांढरे केस बारीक कापलेले, गळ्यात हिरव्या दगडाचं माओरी पदक, मांडीवर जाडजूड फॉर्म. नवऱ्याने बंदुकीच्या लायसनसाठी अर्ज केला की या देशात बायकोला एकटीला बसवून विचारतात की हा माणूस कसा आहे, रागावतो का, पितो का, हात उचलतो का. बायको नको म्हणाली की अर्ज बहुधा तिथेच अडकतो. तेहतीस वर्षांच्या संसारात माझ्या मताला एवढा भाव पहिल्यांदाच आला होता, आणि नेमका त्या दिवशी मला तो नको होता.

"भीती नाही वाटली. कंटाळा पुष्कळदा आलाय," मी म्हणाले.

बाईंनी तेही लिहून घेतलं.

धैर्यशीलची मुलाखत माझ्या आधी झाली होती. पाऊण तास, दार बंद करून. आता त्याला बाहेर पाठवलं होतं. माउंट वेलिंग्टनच्या आमच्या घराला मागे छोटं अंगण आहे आणि त्यात कपडे वाळत घालायची लोखंडी फिरती छत्री. खिडकीतून मला तो दिसत होता. छत्रीच्या दांड्याला तेल देत होता. काही सुचेनासं झालं की हा माणूस कशाला तरी तेल देतो.

बंदूक त्याला घरात आणायची नव्हती, हे आधीच सांगते. धैर्यशील भोईटे पेनरोजच्या एका वर्कशॉपमध्ये दिवे दुरुस्त करतो. रायफलवर बसवायचे दिवे. इथे ससे आणि पॉसम नावाचं झाडावर राहणारं जनावर शेतांचा आणि रानाचा फडशा पाडतात. ते मारायला सरकारी कंत्राटावर माणसं अंधारात निघतात आणि त्यांच्या रायफलींवर हे दिवे असतात. प्रत्येक बार उडाला की दिवा हादरतो. आत पाणी शिरतं, चिखल शिरतो, बॅटरीची स्प्रिंग दबते. दर तीन महिन्यांनी ते सगळे धैर्यशीलच्या टेबलावर येतात. तो ते उघडतो, आटे पुसतो, रबराची रिंग बदलतो आणि तिला बोटाने ग्रीस लावतो, तान्ह्या पोराच्या डोळ्यात काजळ घालावं इतकंच. चौदा वर्षं हेच चाललं आहे.

दिवा रायफलवर चढवून तपासायचा तर लायसनवाला माणूस शेजारी लागतो. इतकी वर्षं तो ब्रूस होता. ब्रूस सप्टेंबरअखेर निवृत्त होणार होता. मालकाने स्वच्छ सांगितलं होतं की तोवर धैर्यशीलला लायसन मिळालं तर टेबल इथेच राहील, नाहीतर हे काम क्राइस्टचर्चच्या शाखेला जाईल. एकसष्टाव्या वर्षी त्याला दुसरं काम कोण देणार होतं? आणि दिलं असतं तरी तो सकाळी कशासाठी उठला असता?

म्हणजे मी फक्त हो म्हणायचं होतं. पण माझ्याकडे त्याचं एक वाक्य होतं, आठ महिने पोटात ठेवलेलं.

ते सांगण्याआधी हा माणूस मूळचा कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर माझ्या त्राग्याला अर्थ नाही.

मला भेटला तेव्हा तो कडक लाल होता. चिंचवडला विजेचे मीटर बनवायच्या कारखान्यात आम्ही दोघं. तो युनियनचा सेक्रेटरी, मी पॅकिंगला. गेटवर टेबलावर चढून भाषण करायचा. "देव हा मालकाचा माणूस आहे," असं एकदा म्हणाला, आणि मी तिथेच ठरवलं की लग्न करायचं तर याच्याशी. लग्न रजिस्टर केलं. माझ्या आईने पदरात अक्षता लपवून आणल्या होत्या, त्या त्याने कचेरीच्या पायरीवर ठेवायला लावल्या. आईने त्याला मरेपर्यंत माफ केलं नाही.

इथे आल्यावर हळूहळू उतरण लागली. आधी गॅरेजमध्ये रेडिओ आला आणि त्यावर दिवसभर तावातावाने बोलणारी माणसं. मग तोंडात 'शिस्त' आली. पन्नाशीनंतर घरात देवघर आलं. मागच्या निवडणुकीत आम्ही दोघं एकाच गाडीतून शाळेतल्या मतदान केंद्रावर गेलो. मी कामगारांच्या लाल पक्षाला मत दिलं, याने उजव्यांच्या निळ्याला.

"पेट्रोल फुकट गेलं," परत येताना मी म्हणाले. "घरी बसलो असतो तरी बेरीज तीच होती."

तो हसला नाही. "इथे पूर्वीसारखं राहिलं नाही, श्यामल," एवढंच म्हणाला.

हे त्याचं पालुपद. ज्या देशात आपण बावीस वर्षांपूर्वी दोन बॅगा घेऊन उतरलो, त्या देशाचं 'पूर्वी' याच्याकडे कुठून आलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी आहे तिथेच आहे. म्हाताऱ्यांच्या रेस्ट होममध्ये केअरगिव्हर आहे आणि तिथली युनियन डेलिगेट. संपाची पाटी मी अजून स्वतः रंगवते. पाटीला दांडी मात्र धैर्यशील ठोकून देतो, कारण माझ्या खिळ्यांवर त्याचा विश्वास नाही. संप चुकीचा आहे असं बोलत बोलत ठोकतो.

आता ते वाक्य. आमच्या कोपऱ्यावर गोविंदभाईंची डेअरी आहे. डेअरी म्हणजे इथलं किराणा-दूध-सिगारेटचं दुकान. गेल्या डिसेंबरात पहाटे कुणीतरी चोरलेली गाडी मागच्या बाजूने घालून दुकानाचं तोंड फोडलं. सिगारेटी नेल्या, देवाचा फोटो पडला, फ्रीज आडवा झाला. धैर्यशील सकाळी झाडू घेऊन गेला तो संध्याकाळी आला. गोविंदभाईंच्या विमलबेन दिवसभर काचेच्या चुऱ्यातून गोळ्या-चॉकलेटं वेचत बसल्या होत्या, काच लागलेली वेगळी, न लागलेली वेगळी.

मी त्याला पान वाढलं. भाताचा डाव माझ्या हातात होता.

"अशांना गोळ्याच घातल्या पाहिजेत," तो म्हणाला. "दुसरा उपाय नाही."

मोठ्याने म्हणाला असता तर मी उडवून लावलं असतं. अगदी हळू म्हणाला, पानाकडे बघत. टेबलावर चढून माणसांच्या बाजूने बोलणारा तो पोरगा मला त्या क्षणी कुठेच दिसेना. मी डाव खाली ठेवला आणि उठून गेले. त्यावर नंतर आम्ही एक अक्षर बोललो नाही. बाकी सगळं बोललो, भाजीचं, भाड्याचं, जुईच्या लग्न न करण्याचं. ते वाक्य मात्र मध्ये पडून राहिलं.

जुई म्हणजे आमची मुलगी. ती लांब राजधानीत, वेलिंग्टनला, सरकारी खात्यात आहे. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"आई, तू नो म्हणू शकतेस. इट्स अ लेजिट ऑप्शन."

"त्याचं काम जाईल गं."

"आय नो. पण ते डेअरीवालं, तू सांगणार आहेस का? नाही सांगितलंस तर दॅट्स लाइंग. सांगितलंस तर बाबांचं लायसन गॉन."

"मग मी करू काय?"

"मला नको ना विचारू, प्लीज," जुई म्हणाली. बापाच्या रेडिओवरून ती त्याच्याशी तासतास भांडते, पण शनिवारी त्याचा फोन आला नाही तर मला विचारते.

संध्याकाळी मी धैर्यशीलला सरळच विचारलं. तो चहाची गाळणी ठोकून सरळ करत होता.

"उद्या त्या बाईंना मी काय सांगू?"

"काय म्हणजे? खरं तेच सांग."

"सगळं?"

गाळणी त्याने उजेडात धरून पाहिली. "अर्धं खरं हवं असतं तर त्यांनी पत्र पाठवलं असतं. माणूस कशाला पाठवला असता?"

त्याला ते वाक्य आठवतंय की नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मला त्याचा भयंकर राग आला. स्वतःच्या पोटापाण्याचा प्रश्न आणि हा मला खरं बोलायला सांगतो.

तर नायरीबाई. त्यांनी चष्मा वर केला आणि पुढचा प्रश्न घेतला. "कामात काळजीपूर्वक आहेत का?"

हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी त्यांना कुंकवाची गोष्ट सांगितली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. आमच्याकडे कारागीर त्या दिवशी आपली हत्यारं पुसून त्यांची पूजा करतात. धैर्यशीलने दोन वर्षांपूर्वी वर्कशॉपच्या टेबलावर ती मांडली. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि एकेक फूल. ब्रूसने हात जोडले, लाडू खाल्ला, सगळं छान झालं. फक्त शेजारी ग्रीसचा डबा उघडा होता, आणि चिमूटभर कुंकू त्यात पडलं ते कुणाला दिसलं नाही. पुढच्या दोन दिवसांत त्या ग्रीसवर सात दिवे तयार होऊन गेले.

महिन्याभराने त्यातला एक परत आला, आत पाणी भरलेला. ओढ्याच्या काठावर ऐन वेळी विझला होता. कुणाला काही झालं नाही. पण धैर्यशीलने रिंग काढून भिंगाखाली धरली तर तिच्यावर लाल कण. ती भुकटी रबराखाली बसली होती आणि तिच्या फटीतून पाणी शिरलं होतं. ब्रूस म्हणाला, रबर खराब असेल, तसंच लिहू. कुणाला कळणार नव्हतं.

"मग त्यांनी काय केलं?" बाईंनी विचारलं. त्यांचं पेन थांबलं होतं.

"दुरुस्तीच्या वहीत लिहिलं. कारण, माझी पूजा. चूक, माझी. मग रजा काढली आणि उरलेले सहा दिवे शोधत हिंडला. वायकाटो, ते-कुइती, कुठल्या कुठल्या गावच्या शेतांवर. दोन दिवस मी बरोबर होते. तिखटमिठाच्या पुऱ्या करून घेतल्या होत्या. हा चिखलात उभा राहून दिवे उघडायचा आणि प्रत्येकाला नव्याने सांगायचा की चूक माझी होती. एका शेतकऱ्याला वाटलं, हा कसल्या तरी धर्माचा प्रचार करायला आलाय."

बाई हसल्या. "आणि पूजा बंद झाली?"

"नाही. मी म्हटलं होतं बंद कर. तो म्हणाला, पूजेची काय चूक, झाकण लावायला हवं होतं. आता आधी झाकण लावतो, मग कुंकू काढतो."

बाईंनी पान उलटलं. मला कळलं की आता तो प्रश्न येणार. रेस्ट होममध्ये माणूस जायच्या आधी जशी खोली शांत वाटते तसं वाटलं.

"कुणाला इजा करण्याबद्दल, मारण्याबद्दल त्यांना बोलताना तुम्ही कधी ऐकलंय?"

बाहेर धैर्यशीलने छत्री फिरवून पाहिली. ती आवाज न करता फिरली. त्याने फडक्याने हात पुसले. चौदा वर्षांचं टेबल, मी मनात म्हटलं. आणि मग हेही मनात आलं की मी आता गप्प बसले तर त्याच्या वहीतल्या त्या ओळीला काही किंमत उरणार नाही.

"हो," मी म्हणाले.

सगळं सांगितलं. दिवस, डेअरी, विमलबेनच्या गोळ्या, भात. मराठीत ते वाक्य चार शब्दांचं आहे, इंग्रजीत म्हणताना फार भयंकर झालं. "त्याला खरंच तसं वाटत होतं का, मला माहीत नाही," मी म्हणाले. "आठ महिने मी तेच शोधतेय. एवढं मात्र माहीत आहे की तो रस्त्यातला किडा वळसा घालून जातो." माझे डोळे वाहायला लागले होते आणि मला त्याचीही लाज वाटत होती.

नायरीबाईंनी लिहिलं नाही. त्यांनी फॉर्मची मागची पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"हे मी तुम्हाला सांगू नये खरं तर," त्या म्हणाल्या. "पण मघाशी त्यांनी स्वतःच सांगितलं. मी विचारायच्या आधी. बसल्या बसल्या म्हणाले, तुमच्या प्रश्नांच्या आधी माझी एक चूक लिहून घ्या."

"कुठली चूक?" मी विचारलं.

"त्यांचं काम दिव्यांचं आहे ना? म्हणाले, रायफलवरच्या दिव्याने कधी शोधायचं नसतं, कारण जिकडे दिवा तिकडे नळी. आधी हातातल्या वेगळ्या दिव्याने ओळख पटवायची. मी त्या दिवशी कोण आहे ते न बघता बोललो. आणि म्हणाले, बायकोने डाव खाली ठेवला तेव्हाच मला कळलं होतं, पण तिला अजून सांगितलेलं नाही." बाईंनी फॉर्म मिटला. "तीस वर्षं मी पोलिसांत होते. असं वाक्य लोक रोज बोलतात. ते लिहून घ्या म्हणणारा मला आज भेटला."

मी नाक पुसलं आणि त्यांना चहा विचारला. त्यांनी दोन कप घेतले आणि चकलीही खाल्ली.

त्या गेल्यावर मी अंगणात गेले. धैर्यशील छत्रीखाली उभा होता.

"झालं?"

"झालं."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"बरं केलंस."

"आठ महिने मला का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू जिंकली असतीस ना." त्याने फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली. "चुकलो होतो, श्यामल. त्याच रात्री तुला सांगायला हवं होतं."

इतक्या वर्षांत हा माणूस वहीत चुकला आहे, शेतकऱ्यांपुढे चुकला आहे, माझ्यापुढे पहिल्यांदाच चुकला. मी त्याच्या खांद्याला डोकं टेकलं. त्याला तेलाचा वास येत होता.

"पण कडक शिक्षा व्हायला हवी त्यांना," माझ्या डोक्यावरून तो म्हणाला. "ते मी मागे घेत नाही."

"नको घेऊस. आणि सुटल्यावर त्यांना काम कोण देणार, ते मी मागे घेत नाही."

"ते बघू."

आम्ही तिथे उभे राहून अर्धा तास भांडलो. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लायसन आलं. ड्रायव्हिंग लायसनएवढंच कार्ड, त्यावर त्याचा रागावल्यासारखा फोटो. तो आधी गोविंदभाईंना दाखवून आला, मग मला. विमलबेननी त्याच्या हातावर पेढा ठेवला होता, तो अर्धा त्याने माझ्यासाठी कागदात बांधून आणला. जुईला फोन लावला.

"बाबा, काँग्रॅच्युलेशन्स. आय स्टिल डिसअग्री विथ एव्हरीथिंग."

"स्वीट ॲज," धैर्यशील म्हणाला. हे इथल्या पोरांचं 'झकास' त्याच्या तोंडून आम्ही दोघींनी पहिल्यांदा ऐकलं. जुई तिकडे हसत सुटली आणि हसता हसता रडली.

ऑक्टोबरात खंडेनवमीला मी सुट्टी घेतली आणि पेनरोजला गेले. चौदा वर्षांत वर्कशॉपच्या आत पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. पूजेला मी कधी जात नाही, हे त्याला माहीत आहे, म्हणून त्याने बोलावलं नव्हतं. मला दारात बघून हातातली फुलं तशीच धरून उभा राहिला.

"डबा द्यायला आले," मी म्हणाले. डबा त्याने सकाळीच नेला होता.

ब्रूस जाताना आपलं स्टूल ठेवून गेला होता. त्यावर मला बसवलं. भिंतीशी तपासून झालेले दिवे ओळीने होते, वर तारखांच्या चिठ्ठ्या. त्याने मला वही दाखवली. शेवटचा रकाना 'तपासणारा', त्यात वर्षानुवर्षं ब्रूसची इंग्रजी सही. एक ऑक्टोबरपासून खाली मराठीत सही होती, टपोरी, शाळेच्या पाटीवर लिहावी तशी: धैर्यशील भोईटे. दोन आठवड्यांत त्र्याहत्तर दिवे. एकही परत आला नव्हता.

"मराठीत चालते सही?" मी विचारलं.

"मालक म्हणाला, तुझी आहे ना, मग चालते."

त्याने हत्यारं मांडली. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, आणि या वर्षी एका कडेला ते कार्ड. कुंकवाचा करंडा उघडायला हात नेला, थांबला, आणि करंडा माझ्यापुढे सरकवला.

"तू लाव."

रजिस्टर कचेरीच्या पायरीवर राहिलेल्या आईच्या अक्षता मला आठवल्या. मी देव मानत नाही, अजूनही नाही. पण त्या टेबलाला मी नमस्कार केला असता, तिथे काही नसतं तरी.

ग्रीसचा डबा माझ्या डाव्या हाताशी होता. करंड्याला हात लावण्याआधी मी त्याचं झाकण लावलं, आणि नीट बसलं की नाही ते दोनदा दाबून पाहिलं.